तुला न दिलेला मंगळवार

उल्हास, तुझ्या शोकसभेत मला किळस आली. सुरुवात इथूनच करतो, कारण गोड सुरुवाती तुला कधी पचल्या नाहीत. तू कधी जन्मलास, कुठे शिकलास, कशाने गेलास हे सगळं पेपरात येऊन गेलंय. सोबत फोटोही आहे, तुझ्या लग्नातला. मुंडावळ्या दिसू नयेत म्हणून कपाळ अर्धं कापलंय, त्यामुळे तू कोणाची तरी खोड काढून नुकताच दाराआडून डोकावल्यासारखा दिसतोस. तेवढी एकच गोष्ट त्या बातमीत खरी होती.

सभा तुझ्याच शाळेत झाली, डिचोलीला. पहिली वीस मिनिटं दुखवट्याचा ठराव मराठीत वाचायचा की कोकणीत, यावर गेली. एकजण म्हणाला, मास्तर मराठीचे अभिमानी. दुसरा म्हणाला, मास्तर घरात मराठीचा एक शब्द बोलत नसत. भाषेचा कायदा झाला, गोवा घटक राज्य झालं, भिंतींवरच्या घोषणा धुऊन गेल्या, तरी तुझ्या फोटोसमोरची उदबत्ती संपेपर्यंत ह्यांचं संपेना. शेवटी ठराव दोन्ही भाषांत वाचला. दोन्हींत तू 'ऋषितुल्य' होतास. मिक्स भाजीत उंडा पाव बुचकळून खाताना ज्याच्या मिशीला रस्सा लागायचा, असा ऋषी मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

मग हेडमास्तर उठले. तुझं ते कागदपत्रांचं कपाट प्रयोगशाळेतून हलवून त्या जागी क्रीडास्पर्धेच्या ढाली मांडायला जे तीन वर्षं तुझ्या मागे लागले होते, तेच हे. त्यांनी डोळे पुसले आणि तुझ्या नावाने करिअर मार्गदर्शन केंद्र सुरू करण्याची घोषणा केली. मेलेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय! केंद्राला पहिली मदत म्हणून एका कारखान्याने रंगीत पुस्तिका छापून दिल्या होत्या. त्या वाटायला कारखान्याचा एक इंजिनिअर व्यासपीठावर बसला होता. पांढरा शर्ट, खिशाला काळी फीत. त्याने भरल्या गळ्याने चार शब्द सांगितले आणि तुझ्या विद्यार्थ्यांच्या हातात एकेक पुस्तिका ठेवली.

तो इंजिनिअर मी होतो. आता किळस कोणाची आली ते तुला कळलं असेल.

तुला आठवतं, हे सगळं सुरू कुठून झालं? हळर्णच्या आमच्या देवळातून. बारावीला आपल्या दोघांनाही मार्क बरे पडले होते आणि बाहेरच्या राज्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत गोव्यासाठी ठेवलेल्या जागांचा फॉर्म आला होता. सिव्हिल की केमिकल, एवढं भरायचं राहिलं होतं. माझ्या बाबांनी आपल्याकडच्या रीतीप्रमाणे देवाला कौल लावला. मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवल्या, डावी सिव्हिल, उजवी केमिकल. भटजींनी 'केमिकल' हा शब्द तीनदा विचारून घेतला. बाबांनी समजावलं, "म्हणजे वखदांचो इंजिनेर." औषधांचा. उजवी पाकळी पडली. बाबांनी नारळ फोडला, आणि देवळाबाहेर माझी वाट बघत उभ्या असलेल्या तू सायकलच्या सीटवर फॉर्म ठेवून माझ्या आधी 'केमिकल' लिहून टाकलंस. "तुज्या देवान सांगलां न्हय, मागीर म्हजोय तोच," असं म्हणालास. एका पाकळीवर आपण दोघे गेलो.

तिसऱ्या वर्षी कॉलेजाने पहिल्यांदा एक कारखाना दाखवायला नेलं. फाटकाच्या आत पाच पावलं टाकली आणि आपल्या दोघांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. दुःखाने नव्हे, वासाने. तू रुमाल तोंडाला लावून हसत सुटलास. हसता हसता म्हणालास, "हें कोणेंच कशें सांगूंक ना मरे आमकां?" कोणीच कसं सांगितलं नाही आपल्याला? तुझं ते हसणं मला तेव्हा विनोदी वाटलं होतं. नंतर चार वर्षं गुजरातेत नोकरी करून, खोकला घेऊन तू परत आलास, डिचोलीत केमिस्ट्रीचा मास्तर झालास, आणि पगार झाल्यावर पहिलं काय घेतलंस तर ते कपाट. तेव्हा मला कळलं की तू त्या दिवशी हसत नव्हतास.

लोकांना वाटायचं, त्या कपाटात जाहिरातींची कात्रणं असतील. होतीच. कॉलेजांचे फॉर्म, शेवटच्या तारखा, कुठल्या परीक्षेला कुठून जावं लागतं, म्हापशाहून कोणती बस मिळते, सगळं तू सुतळीने बांधून ठेवलं होतंस. भाषेच्या भांडणात मी रात्रंदिवस घोषणा देत फिरत होतो तेव्हा तू मला टोमणा मारलास, "राजभाशा खंयचीय जांव, फॉर्म इंग्लिशींतूच भरपाचो आसा." राजभाषा कोणतीही होवो, म्हणे. माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की आठवडाभर मी तुझ्याशी बोललो नाही. तू मात्र त्या आठवड्यात तीन पोरांचे फॉर्म भरून पाठवलेस. त्यातले दोघे माझ्याच मोर्चात होते.

पण कपाटाचा जीव होता खालच्या खणात, मंगळवारांच्या फायलीत. केमिकल शिकून बाहेर पडलेल्या प्रत्येकाला तू एक पत्र धाडायचास. पगार लिहू नकोस, हुद्दा लिहू नकोस, 'संधी' हा शब्द तर अजिबात नको. फक्त गेल्या मंगळवारी दुपारी तीन वाजता तू काय करत होतास ते लिही. आणि शेवटी एक ओळ: ह्या दिवसाबद्दल घरी काय सांगितलंस? उत्तरं यायची. साखर कारखान्यातल्याने लिहिलं होतं की तो रसाच्या टाकीजवळ उभा राहून घड्याळ बघत होता, आणि घरी सांगितलं 'मजेत आहे'. एकाने नकाशाच्या कागदावर दिवसभर पाइपांच्या रेघा मारल्या होत्या आणि त्याला तेच आवडत होतं, घरी जाऊनही तो तेच बोलत बसला. खताच्या कारखान्यातला म्हणाला, मी वाफेची गळती शोधत होतो, हात भाजला, आईला सांगितलं नाही. बारावीची पोरं जमिनीवर मांडी घालून ते वाचायची. वाचून कोणी केमिकलकडे जायचं, कोणी उठून निघून जायचं. दोन्ही प्रकारच्यांना तू सारखाच चहा पाजायचास.

कौलाला तू कधी हसला नाहीस, हे मला सगळ्यात जास्त आवडायचं. आईबाप म्हणत, मास्तर, देवाला विचारतो. तू म्हणायचास, विचारा, जरूर विचारा, पण आधी हा कागद वाचून जा. "देवाक प्रस्न विचारतना आपणाक तरी तो कळपाक जाय." निदान आपल्याला तरी प्रश्न कळायला हवा.

मी तुझ्या गावाजवळच्या रंगाच्या कारखान्यात लागलो तेव्हा तू माझाही मंगळवार मागितलास. मी आठ दिवसांनी दिला. चांगला दोन पानी. त्यात मी वातावरण प्रसन्न असल्याचं लिहिलं होतं. दुपारी तीन वाजता मी बाहेर सोडायच्या पाण्याची तपासणी करत होतो आणि सर्व काही ठीक होतं, असंही लिहिलं होतं. तू तो बसस्टँडजवळच्या हॉटेलात वाचलास, घडी घातलीस, खिशात ठेवलास. मला वाटलं, स्तुती करणार. तू म्हणालास, "हो मंगळवार न्हय, हळर्णकारा. ही जायरात." आणि शांतपणे भाजी खाऊ लागलास.

मला इतका राग आला की त्याच मजकुराची दुसरी प्रत मी दुसऱ्या दिवशी मॅनेजरांच्या टेबलावर ठेवली. त्यांना फार आवडली. तीच त्यांनी जपून ठेवली आणि आता पुस्तिकेत छापली: 'एका इंजिनिअरचा मंगळवार'. मुखपृष्ठावर पांढऱ्या कोटातली मुलगी निळ्या पाण्याची काचेची बाटली उजेडात धरून हसते आहे. आमच्या कारखान्यात निळं काहीच बनत नाही, उल्हास. पिवळं बनतं. ते नखांत जातं, पावाला लागतं, थुंकीत येतं.

त्यानंतर तू तीन वर्षं मागत राहिलास. चिडून नाही, दमदाटी नाही. वाटेत भेटलास की, बायकोने साखर आणायची आठवण करावी तशा सुरात म्हणायचास, "तुजो मंगळवार अजून येवंक ना." मी म्हणायचो, येईल. मग सुनंदाची गोष्ट आली. पेडण्याची, मामलेदार कचेरीतल्या कारकुनाची मुलगी, तुझ्या फायलींवर वाढलेली, केमिकल पुरं करून आलेली. तिने आमच्या कारखान्यात अर्ज केला, घराजवळ म्हणून. आपली शेवटची भेट त्याच हॉटेलात झाली आणि तू सरळ बोललास. फाईलमध्ये घालू नकोस हवं तर, पण तिला तरी खरं सांग. मी म्हटलं, मला बायकोमुलं आहेत. तू म्हणालास, तिलाही पाय आहेत. पायांचं तू का बोललास ते मला समजलं, आणि समजलं म्हणूनच मी उठलो. अर्धा चहा टाकून उठलो. "तुझ्या कागदांनी कोणाचं पोट भरत नाही," असं हॉटेलभर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणालो.

आपल्यातलं हे शेवटचं वाक्य. यापेक्षा घाणेरडं वाक्य मी आयुष्यात बोललेलो नाही, आणि मला दुसरं बोलायला तू सवड ठेवली नाहीस. त्याबद्दल मी तुझ्यावरही रागावलो आहे.

बाराव्याला मी सर्वणला तुझ्या घरी आलो. पानं उठल्यावर सुनंदाचे वडील मला शोधत अंगणात आले. माझे दोन्ही हात हातात घेतले. शोकसभेत मिळालेली पुस्तिका त्यांनी घडी करून वरच्या खिशात ठेवली होती. म्हणाले, "तुमचो कागद मी देवासमोर वाचून दाखयलो. अक्षर नि अक्षर. उजवो कौल दिल्यान. आता माका कसलीच चिंता नाय. येत्या सोमवारपासून ती कामाक लागतली, तुमच्याच हाताखाली."

तुझी पद्धत त्यांनी किती नेमकी पाळली होती बघ. आधी कागद वाचायचा, मग देवाला विचारायचं. मास्तरांनी शिकवलं तसं. देव आणि माणूस, दोघांनाही मी एकाच कागदाने फसवलं होतं. मी तिथेच, तुझ्या तुळशीपाशी, हसून म्हटलं, "बरं झालं." होय, असंच म्हणालो. तू बघायला नव्हतास ते बरं, असंही एकदा मनात आलं, आणि त्याचीही किळस आली.

निघताना वैनीने हाक मारली. शाळेने निरोप धाडलाय, कपाट रिकामं करून न्या, केंद्राच्या पुस्तिका ठेवायच्या आहेत. फायली ती तुझ्या भावाकरवी घरी आणवणार आहे. "पूण तुमची वेगळी आसा," ती म्हणाली. "ती शाळेंत केन्नाच नासली. हांगा मेजाच्या खणांत." शाळेत कधीच नव्हती, इथे घरीच. तिने मला एक पातळ फाईल दिली. वर तुझ्या अक्षरात माझं नाव होतं. आत माझी ती दोन पानं होती, आणि मागे एक कोरा कागद जोडलेला.

दुसऱ्या पानाच्या पाठीवर डिंकाने एक कागदाची पट्टी चिकटवली होती. शाळेच्या प्रयोगशाळेतली, निळी, आंबट पाण्यात बुडवली की लाल होणारी. आता ती फिकट गुलाबी झाली आहे. खाली पेन्सिलीने लिहिलं होतं: 'आमच्या कुणग्याकडचा व्हाळ. मंगळवार, साडेचार.' मी ज्या मंगळवारचं लिहिलं होतं, तोच मंगळवार. तू त्या संध्याकाळी शेतावर गेला असशील, ओहोळाचं पाणी पिवळं बघितलं असणार, शाळेत परत जाऊन पट्टी आणली असणार. आणि आठ दिवसांनी समोर बसून मी लिहिलेलं 'सर्व काही ठीक' वाचलंस आणि मिशीवरचा रस्सा पुसलास.

तुला सगळं माहीत होतं. तू ती पट्टी सरकारात नेली असतीस, पेपरात दिली असतीस, नुसती माझ्या तोंडावर मारली असतीस तरी चाललं असतं. तू तिला खणात ठेवलंस आणि खाली आणखी तीन शब्द लिहिलेस: 'हळर्णकार सांगतलो मागीर.' नंतर सांगेल. एवढ्यासाठी तीन वर्षं थांबलास. माझ्यावर एवढा भरवसा माझ्या बापाने ठेवला नाही, त्याने तर देवाला विचारलं होतं.

म्हणून आता तुझ्या कोऱ्या कागदावर लिहितो. पगार नाही, हुद्दा नाही.

मंगळवार, दुपारचे तीन. रंगाची पूड धुतल्यावर उरतं ते पाणी आंबट असतं, ॲसिडचं. चुना घालून ते मारायचं आणि मगच बाहेर सोडायचं, असा नियम आहे. चुना चार दिवस आला नव्हता. टाकी काठोकाठ भरली होती. मी मॅनेजरांना सांगितलं. ते म्हणाले, काम बंद ठेवता येणार नाही, तू इंजिनिअर आहेस, बघ काय ते. मी व्हॉल्व्ह उघडला. स्वतःच्या हाताने, कारण दुसऱ्याला सांगितलं असतं तर त्याने 'का' म्हणून विचारलं असतं. पाणी गेल्यावर तळाला गाळ राहिला. तो काढायला मी बसाप्पाला उतरवलं. बसाप्पा बेळगावकडचा, कंत्राटावरचा. रबरी बूट दुसऱ्या पाळीच्या कपाटात कुलपात होते. तो अनवाणी उतरला. "साहेब, चुरचुरतंय," म्हणाला. मी म्हटलं, दोन मिनिटं. वीस झाली. त्याच्या पावलांची सालं निघाली, त्याला कित्येक दिवस चपला घालता आल्या नाहीत; बाजारात तसाच फिरताना तू त्याचे पाय बघितले असणार. रजिस्टरात पाण्यापुढे मी सातचा आकडा लिहिला. सात म्हणजे ना ॲसिड ना अल्कली, साधं पाणी. तपासलं नव्हतं. मग हात धुतले आणि चहा प्यालो.

घरी काय सांगितलं: आज फार उकडलं.

आणि हा एकच मंगळवार नव्हता. ह्या आठवड्यातही चुना संपलाय.

आज रविवार. सकाळी मोटरसायकल काढून मी पेडण्याला गेलो आणि हा कागद सुनंदाच्या हातात दिला. तिने उभ्यानेच वाचला, मग बसून पुन्हा वाचला. तिच्या वडिलांनी वाचला आणि खिशातली पुस्तिका काढून टेबलावर पालथी ठेवली. ते देवाविषयी काहीतरी पुटपुटले, तेव्हा मला तू एकदा म्हणाला होतास ते आठवलं: "खोटो कागद दाखयलो जाल्यार देव तरी कितें करतलो?" मी ते त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण माझ्याकडे बघितलं नाही. सुनंदा म्हणाली की उद्या ती येणार नाही. मग अगदी साध्या आवाजात, तुझ्या पोरांना तू जसं विचारायला शिकवायचास तसं, तिने विचारलं, "मग तुमी थंय अजून कित्याक आसात?" तिथे अजून कशासाठी?

मी मोटरसायकल सुरू केली. परत येताना रस्ताभर उत्तरं शोधली. बायको, मुलं, घरबांधणी, सगळी खरी आहेत आणि एकही तिला सांगण्यासारखं नाही.

हा लेख मला शाळेच्या स्मरणिकेसाठी लिहून द्यायचा होता. हेडमास्तर तो छापणार नाहीत. मी तो पेपराकडे धाडतो आहे, कारखान्याकडे एक प्रत जाईल आणि एक वैनीकडे, फाईलमध्ये. छापायला एवढ्यासाठीच देतो की मला मागे फिरायची सोय राहू नये. मी स्वतःला ओळखतो. यापुढे तो व्हॉल्व्ह मी चुना घातल्याशिवाय उघडणार नाही आणि बसाप्पाला बुटांशिवाय उतरवणार नाही. त्यापुढे काय होईल ते फाईलमध्ये लिहीन, तीन वाजताचं.

कपाट तुझ्या पडवीत ठेवायचं ठरलंय. पोरं तिथे येतील. चहा वैनी करील.

परवा मंगळवार आहे, उल्हास. चुना अजून आलेला नाही.